करंगळीची गल्ली

शाल्मली सकाळी गल्लीत आली, तेव्हा शेवटची घरं सरकून सरळ रेषेत उभी राहिली होती. टोकाचं वळण तेवढं उरलं होतं, तेही उद्या जाणार होतं.

"थांबव हे!" ती दिव्याच्या खांबावरच्या शहराच्या कॅमेऱ्याकडे पाहून वैतागून म्हणाली. "आईने स्वतःचा पंजा कागदावर ठेवून तुझा आराखडा काढला. ही गल्ली म्हणजे तिची करंगळी, आणि ती वाकडीच होती."

"ताई, माझी डागडुजी मीच करतो," शहर नम्रपणे म्हणालं. "मी लाखो पंजे तपासले. करंगळी सरळ असते."

"अरे, लहानपणी दारात चेंगरली होती तिची!"

"मग तुमच्या आईंचा, कुमुदिनीबाईंचा हात कॅमेऱ्यासमोर धरा. वळण ठेवतो."

गेल्या आठवड्यात शाल्मलीनेच आईला अग्नी दिला होता. हे तिने शहराला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. दर वेळी ते हळहळायचं आणि हात दाखवायला सांगायचं.

शेवटी तिने आपलाच डावा हात वर केला, करंगळी आईसारखी वाकवली आणि दुखू लागली तरी तशीच धरून ठेवली.

"हा हात तुमचा आहे, ताई," शहर म्हणालं. "बोट सैल सोडा, आपोआप सरळ होईल."