कमळ्याची मिशी

"गाडी आली तर तुझी मिशी, नाय आली तर माझी," रोहिदास म्हणाला आणि वडा तोंडात कोंबला.

"लागली," कमळ्या म्हणाला.

पळसदरी स्टेशनाबाहेरच्या टपरीवर सकाळचे साडेनऊ वाजले होते. पैज सरळ होती. रोहिदासनं सरकारी दवाखान्यात जाऊन छाती दुखल्याचं नाटक करायचं. तेजश्री सिस्टर फसली आणि तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली, तर कमळ्यानं चारचौघांत मिशी उतरवायची. तिनं नाटक पकडलं, तर रोहिदासनं. राजेश न्हावी तिथंच चहा पीत होता. त्याला पेटीसकट उचलला.

"नर्सला काय कळतंय रं? आपण सांगू ते लिहिते आन् गोळी देते," रोहिदास म्हणाला.

"माझ्या बायकोच्या बाळंतपणाला डॉक्टर नव्हता. सिस्टरनंच निभावलं," कमळ्या म्हणाला. "तिला सगळं कळतंय."

"मग तिची सुई बघून धरणात कोण उतरला होता?"

टपरी हसली. लसीच्या वेळी कमळ्या गळ्याएवढ्या पाण्यात दोन तास उभा होता. सिस्टर काठावरून ओरडून ओरडून दमली, तरी हा बाहेर आला नव्हता.

कमळ्यानं अर्धा वडा तसाच ठेवला. "तेल जुनं हाय याचं. कवापासून ढेकर अडकलाय."

दवाखान्यात डॉक्टर नव्हते, कर्जतला मीटिंगला गेलेले. सिस्टर एकटीच होती आणि आधीच तापलेली. परवा कुणीतरी खोटं सांगून ॲम्ब्युलन्स बोलावली आणि कर्जतपर्यंत फुकट फिरून आला. एवढ्या गावांना गाडी एक. नेमकी त्याच वेळेला वाडीवरची ठमी विटांच्या टेंपोत बाळंत झाली. बाळ वाचलं ते त्याच्या नशिबानं.

"मेलो, सिस्टर!" रोहिदासनं खाटेवर अंग टाकलं.

"कुठं दुखतंय?"

रोहिदासनं छातीवर एक बोट टेकवलं. "हितं. बरोबर हितं."

सिस्टरनं त्याचं मनगट धरलं. घड्याळ बघितलं. मग मान वर करून दाराकडं बघत राहिली. दारात कमळ्या टेकून उभा होता. मूठ छातीवर दाबून ढेकर काढायच्या खटपटीत. जानेवारीची सकाळ, पण शर्ट पाठीला चिकटलेला.

"तुला कसला घाम फुटलाय रं?"

"ह्याला फटफटीवरनं उतरवून आत आणला ना. नुसता रेडा हाय."

सिस्टरनं रोहिदासच्या छातीला वायरी लावल्या आणि ईसीजी काढला. कागदाची पट्टी बघितली. कपाळाला आठ्या पडल्या.

"मशीन बिघडलंय वाटतं मेलं. कमळ्या, इकडं ये. धडधाकट माणसाची काढून बघते."

"सुई हाय का?"

"सुई नाय. झोप गपचूप."

दुसरी पट्टी निघाली. सिस्टरनं दोन्ही शेजारी धरून बघितल्या, मोबाइलवर फोटो काढले, डॉक्टरांना पाठवले. मग कोपऱ्यात जाऊन फोनवर हळू आवाजात बोलली. परत आली ती लालबुंद होऊन.

"एकशेआठला फोन केलाय. येतेय गाडी. आन् तू रं ढेकऱ्या, ही गोळी घे. गिळायची नाय, चावायची."

"कडू हाय."

"चाव म्हणते ना!"

कमळ्यानं चावली. रोहिदासला मात्र आता दम निघेना. त्यानं खाटेवरून टुणकन उडी मारली.

"जिंकलो! काय झालं नाय मला, सिस्टर! पैज होती!"

बाहेरच्या रांगेतले पेशंटसुद्धा हसायला लागले. सिस्टर त्याच्या अंगावर धावून गेली.

"परवा ठमी टेंपोत बाळंत झाली. रस्ताभर दातांत पदर धरून पडलेली. तुझ्यासारख्याच एका हलकटापायी! हसतोस काय?"

रोहिदासचं हसू अर्ध्यावर आलं.

"मग गाडी माघारी पाठवा की."

"निघालेली गाडी आता येणार."

"म्हंजे मी जिंकलोच की."

सिस्टरनं कमळ्याकडं एक नजर टाकली. मग म्हणाली, "जिंकलास. घे त्याची मिशी. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर."

कुणाला काही कळेना. तिनं स्वतःच खुर्ची ओढत अंगणात चिंचेच्या सावलीत नेली, कमळ्याला दंडाला धरून हळू चालवत आणला आणि खुर्चीत बसवला.

"हालायचं नाय. बोलायचं नाय. उठलास तर तंगडी तोडीन." तिनं त्याचं मनगट घट्ट पकडलं. "पैज लावताना लाज वाटली नाय, आता पळायचं पण नाय."

राजेशनं साबणाचा फेस फासला. पोरं मोबाइल काढून उभी राहिली.

"सिस्टर, मी तुमच्यावर पैज लावलेली," कमळ्या फेसातून पुटपुटला. "तुमीच फसलात."

सिस्टरनं ओठ चावला. फाटकाकडं बघत राहिली.

डावी बाजू साफ झाली. उजवीला वस्तरा लागणार, तेवढ्यात सायरन वाजवत गाडी अंगणात शिरली. गाडीतला डॉक्टर बॅग घेऊन उतरला, मागून स्ट्रेचर. रोहिदास हात जोडत पुढं झाला.

"माफ करा साहेब, पेशंट बिशंट कोण नाय. गंमत होती."

सिस्टरनं त्याला कोपरानं बाजूला ढकललं. कमळ्याचं मनगट न सोडता दुसरी पट्टी डॉक्टरच्या हातात दिली.

"अटॅक ह्याला आलाय. सांगितलं असतं तर परत धरणात उतरला असता. उचला, खुर्चीसकट."