आवडाबाईची काळी भिंत

परशुरामने तिसरा कागद चुरगाळला. समोर नाथा तांबट आपल्याच दुकानाच्या पायरीवर पाहुण्यासारखा अंग चोरून बसला होता.

"जरा हसा की, नाथाशेठ."

नाथा हसला नाही.

कल्याणच्या या गल्लीतून रुंद रस्ता जायचा होता. जुनी दुकानं पडण्याआधी शाईने कागदावर उतरवून ठेवावीत, असं कुणा मोठ्या साहेबाच्या मनात आलं आणि कचेरीने परशुरामला धाडलं. काम तो जीव ओतून करी. पण गल्लीत त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं, आणि का, ते त्याला कळत नव्हतं. त्याने एक दुकान कागदावर उतरवलं की मागून मजूर येत, कौलं फोडत, वासे उपटत. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

गल्लीच्या टोकाला आवडाबाईचं कुरमुऱ्यांचं दुकान होतं. रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या त्याच्या अलीकडेच वळल्या होत्या, म्हणजे ते बचावलं होतं. परशुरामचं मन नेमकं तिथेच अडकलं. भट्टीच्या धुराने काळी झालेली भिंत, वाकलेलं छप्पर. शाईने करायचं काम ते हेच. कुणी सांगितलं नसलं तरी हे एक चित्र तो स्वतःच्या हौसेने करणार होता.

"आवडाबाई, परवा सकाळी तुमचं दुकान काढतो," तो जाता जाता म्हणाला.

म्हातारी चाळणी हातात धरून तशीच उभी राहिली.

"माजं पन?"

"मग? तुम्हाला कसं सोडेन?"

"सगलं काढनार?"

"कौलापासून उंबऱ्यापर्यंत."

"आन भट्टी?"

"ती तर सगळ्यात आधी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परशुराम गोंधळला. मग त्याला वाटलं, कौतुकाची सवय नसली की माणसाचं असं होतं. तो खुशीतच घरी गेला.

ठरल्या दिवशी ताजी शाई घोटून तो लवकरच आला. गल्लीच्या टोकाशी थबकला. वाट चुकली की काय, म्हणून मागे फिरला आणि पुन्हा तिथेच आला.

समोर मोकळी जागा होती. कडेला वासे बांधून ठेवलेले, कौलं एकावर एक रचलेली. आवडाबाईचा मुलगा भिवा घाम पुसत होता. ती स्वतः गाठोड्यावर बसली होती.

"या रावसाहेब," ती म्हणाली. "तुमची मानसं कौलं फोडतात. म्हनून आमीच काढलं."