हळूच दाब

"अगं, घाबरतेस कशाला? रोजच्यासारखा ब्रेक हळूच दाब. एकदा तरी चुकलीयस का?" मामा खिडकीतून म्हणाला.

नव्हते चुकले. मी नुसता पाय टेकवायचे, खालून खट् आवाज यायचा आणि गाडी बरोब्बर रेघेवर उभी. तो खट् ऐकला की माझी धडधडच थांबायची. शिकवताना मामा शेजारी बसायचा, त्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक होता, शिकवणाऱ्यासाठी. पण तो केव्हाच निकामी झालाय, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे जे काय जमत होतं ते माझं होतं. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी जमत होतं. आज लायसन्सची परीक्षा पास झाले की सोमवारपासून औषधवाल्याची व्हॅन माझ्या हातात.

मामाच्या जागेवर परीक्षक साहेब येऊन बसले. सगळं नीट झालं. शेवटी रेघेवर थांबायचं होतं. मी हळूच पाय टेकवला. खट् झालंच नाही. गाडी रेघ ओलांडून समोरच्या खांबाला भिडली.

"नापास," म्हणत साहेब उतरले.

मी वाकून त्यांच्या बाजूचा निकामी ब्रेक हाताने दाबला.

खट्.

मामा धावत आला. माझा हात कुठे आहे ते बघून जागीच थांबला. "तुझा धीर सुटू नये म्हणून गं, पोरी..."

"शाळेत सगळे मला तोंडावर ढ म्हणाले, मामा. तू रोज पायाने म्हणालास."