गरम हात

चंदगडच्या शालूबाईंच्या पोटात गाठ होती. नुसतं बोट लागलं तरी त्या कळवळायच्या, आणि कोल्हापूरच्या ज्या दवाखान्यात त्या होत्या, तिथं दिवसभर शिकाऊ डॉक्टर येऊन तीच गाठ चाचपून जायचे. पण काल आलेली रुचिता वेगळी निघाली. मागं मोठे डॉक्टर उभे होते, तरी तिनं घाई केली नाही. खाटेजवळ बसली, तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि मगच अलगद पोटावर ठेवले.

"आजी, दुखलं तर लगेच सांगा हं."

शालूबाईंचे डोळे भरून आले. लेकीला फोनवर म्हणाल्या, "दुखतंय तसं दुखतंयच. पर हितं एक पोरगी हाय बघ, तिनं हात ठिवला की बरं वाटतंय."

आज रुचिता परत आली. सोबत तिच्या वर्गातला ऋषभ होता. शालूबाई हसून उठायला गेल्या, तोवर रुचितानं चादर बाजूला करून थेट गाठीवर बोटं दाबली. "बघ, गाठ इथं हाताला लागते."

शालूबाई किंचाळल्या. मग त्यांनीच तिचे गार हात आपल्या हातांत धरले आणि चोळायला लागल्या. "कालच्यावानी ठेव की गं पोरी."

ऋषभ गोंधळला. "अगं, आधी हात गरम करायचे असतात ना?"

"उद्या परीक्षेत विसरू नको, त्याला मार्क आहेत," रुचिता हात सोडवून घेत म्हणाली. "माझी काल झाली."