पंधरा मिनिटं वाचन

"बोट ठेव," शिशिर म्हणाला. "बोट ठेवून वाच."

ऋताने बोट ठेवलं आणि छताकडे बघत घडाघडा म्हटलं, "मगन, छत पर मत चढ़. जल भर. झटपट चल." बोट अजून मगनवरच होतं.

पाच वर्षांची ही पोर केजी टूची अख्खी रीडर अशी तोंडपाठ म्हणायची. शिशिरने चित्रावर हात ठेवला की गाडी तिथेच अडायची. पाठ असणं म्हणजे वाचणं नव्हे, असं तिच्या मिसने डायरीत लाल शाईने लिहून पाठवलं होतं आणि खाली रकाना आखून दिला होता : घरी वाचन, पंधरा मिनिटं. पुढे सहीच्या दोन जागा. वडील आणि आई.

शिशिर वडिलांच्या जागी सही करायचा आणि शेजारच्या जागेवर बारीकशी रेघ ओढायचा. मीरा घरात नव्हती त्याला आठ महिने होत आले होते.

पहिल्या दिवसांत आपल्याला रडू येईल, असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. काहीच आलं नाही. नव्या रायपूरला मंत्रालयात जायचं, फायली लावायच्या, पाचची बस धरून तात्यापाऱ्यात परतायचं, हातपाय धुवून रीडर उघडायची. टिफिनमध्ये काय दिलं की डबा रिकामा येतो, तेही तो शिकला होता. सुई टोचून बधिर केलेल्या दाढेने जेवावं तसं चाललं होतं. जेवण होत होतं, एवढंच.

रीडरमध्ये एक पान होतं : 'माँ आई. माँ फल लाई.' शिशिरने ते पुढच्या पानाला स्टेपल करून टाकलं होतं. पहिल्या दिवशी ऋताने पिनेवरून बोट फिरवलं, बापाकडे पाहिलं आणि ते जाड पान उलटून पुढचं म्हणायला लागली. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. हा विषय घरात काढायचा नाही, असं शिशिरच्या आईने, शांताबाईंनी, ठरवूनच टाकलं होतं.

"आता तूच तिची माय अन् तूच बाप," त्या म्हणाल्या होत्या. "तोंड पाडून बसून काय होते?"

ऋताला मॅडमसमोर न्यायचा सोमवार जवळ आला तसे अनंतराव रोज यायला लागले. शांताबाईंचे हे धाकटे भाऊ असल्या कामात मुरलेले. मॅडम काय विचारतात, मुलं कुठे गडबडतात, सगळं त्यांना ठाऊक.

"घरचं कोणी आत जात नाही," त्यांनी शिशिरला बजावलं. "मॅडम एकट्या पोट्टीशी बोलते. तिथं हे गप बसली ना, तर मग माह्या हातात काही नाही."

"वाचायले पण लावते का, मामा?"

"लावू शकते. घरी अभ्यास कोण घेते, ते त्यातूनच तर समजते. डायरी सोबत घेजो."

मग तालीम सुरू झाली. अनंतराव खुर्चीत मॅडम होऊन बसले, ऋता समोर स्टुलावर.

"टिफिन कौन बनाता है, बेटा?"

"पापा."

"होमवर्क कौन कराता है?"

"पापा."

"सबसे अच्छा कौन लगता है?"

"पापा."

चाल तीच, मगनला छतावरून उतरवायची. शांताबाईंनी मात्र कौतुकाने कानशिलावर बोटं मोडली.

"हेही पाठच झालं तिले," शिशिर म्हणाला.

"होऊ दे ना. पाठ असलं म्हणजे चुकत नाही," अनंतराव म्हणाले.

शिशिरला भीती वाटत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी वाटत होतं, तर ती नेमकी भीती निघाली. सोमवारी ऋता अडखळली तर सगळी मेहनत पाण्यात, आणि त्यानंतर काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. दिवसभरात त्याच्याकडे ही पंधरा मिनिटंच तर होती.

रविवारी गोल बाजारातून पिवळा फ्रॉक आला. सोमवारी शांताबाईंनी नातीच्या हातावर दही-साखर ठेवली. दहाच्या आधीच बाप-लेक आणि अनंतराव असे तिघं पोचले.

लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाक. आणखी तीन-चार मुलं नवे कपडे घालून बसलेली, त्यांची मोठी माणसं त्यांच्या कानात काहीबाही सांगत असलेली. अनंतराव कागद घेऊन आत गेले. शिशिर मांडीवर डायरी धरून फरशीकडे बघत बसला. समोर बघायचंच नाही, असं त्याने रस्त्यात ठरवलं होतं.

ऋता मात्र मान वर करून दारावरची पाटी बघत होती. तिने बोट उचललं.

"क में छोटा उ, कु," ती पुटपुटली. "ट में छोटा उ, टु. ऊपर बिंदी. ब." क्षणभर थांबली आणि ओरडलीच, "कुटुंब! पापा, कुटुंब लिखा है!"

हा शब्द तिच्याकडून कोणी घोकून घेतलेला नव्हता. पोरीने तो वाचला होता. शिशिरला एवढा आनंद झाला की त्याचे डोळे भरून आले. त्याने तिच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली.

ऋता पुढच्या शब्दाकडे वळली आणि अडली. अर्धा न तिला अजून शिकवलेला नव्हता.

"न..." ती म्हणाली. "न... न..."

"न्यायालय," समोरच्या बाकावरून तिची आई म्हणाली.