मधलं रान

"आणखी एकच प्रश्न, साहेब," वैजनाथ वकील म्हणाले.

न्यायाधीशांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तासभर उलटतपासणी चाललीय. पुरे."

औरंगाबादच्या सेशन कोर्टात पुंजारामवर खुनाचा खटला होता. देवगाव रंगारीच्या शिवारात, विहिरीवर त्याने बन्सीला कुऱ्हाडीने मारलं, असा आरोप. पाहणारा एकच, त्याच गावचा रामकिसन. चौसष्ट सालच्या सप्टेंबरात, भर दुपारी, सडकेवर उभं राहून आपण सगळं पाहिलं, असं त्याने शपथेवर सांगितलं होतं. त्याच्या शब्दावर पुंजाराम जन्मभर आत जाणार होता.

वैजनाथ हे पुंजारामला सरकारने दिलेले वकील. सारी हयात शहरात गेलेली. सदऱ्याचा रंग, दुपारची वेळ, जुनं भांडण, सगळं विचारून झालं होतं. कामाचा प्रश्न पुंजारामने पिंजऱ्यातून वाकून आत्ता कुठे त्यांच्या कानात सांगितला होता.

"सडक आणि विहीर यांच्या मधल्या रानात त्या दिवशी कोणतं पीक उभं होतं, एवढंच..."

"पिकांची चौकशी तहसिलीत करा. प्रश्न नामंजूर."

"साहेब, सगळं त्याच्यावरच..."

"खाली बसा."

"सायेब, तेवढं इचारू द्या," पुंजाराम पिंजऱ्यातून म्हणाला. "माझा जलम चाललाय."

"आरोपीने मध्ये बोलायचं नाही. साक्षीदार, तुम्ही जा."

माणसाला जन्मठेप द्यायला यांच्याकडे वेळ होता. बाजरी की भुईमूग, हे ऐकायला नव्हता.

रामकिसन कपाळ पुसत व्हरांड्यात आला. खिडकीशी बसून पुंजारामच्या बायकोने, आवडाबाईने, सगळं ऐकलं होतं. ती उठून त्याच्या वाटेत उभी राहिली.

"भावजी, त्या दिशी मधल्या रानात काय व्हतं?"

"जाऊ द्या मला, वहिनी."

"काय व्हतं?"

"बाजरी."

"केवढी?"

रामकिसनने मान खाली घातली आणि हात वर नेला. डोक्याच्याही वर, चांगला वीतभर.

आवडाबाईने तो हात तिथंच मनगटाला धरला आणि त्याला ओढत कोर्टाच्या दाराशी आणलं.

"आता इचारा ह्याला."

"साक्ष संपली त्याची," पट्टेवाला म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

आवडाबाईने हात खाली येऊ दिला नाही.