मुळा आणि माकूल

“सुरी खाली ठेव!” कामेझो खेकसला. “बाईचा हात गरम असतो. नुसता लागला तरी मासा नासतो.”

त्याच्या मुलीने, नागिसाने, सुरी ठेवली नाही. फळीवर पहाटेच पकडलेली दहा भुजांची माकूल होती, अजून काचेसारखी आरपार दिसणारी. समोरच्या बाकावर म्हातारा इवाकिची, मासेमारी बोटीचा तांडेल, मांडीवर टोपी घेऊन बसला होता. उद्या मुलगा त्याला डोंगरातल्या आपल्या घरी कायमचा नेणार होता. त्याआधी या दुकानातली माकुलीची साशिमी, म्हणजे कच्चे बारीक काप, एकदा खायची, एवढाच त्याचा हट्ट होता.

पण गेल्या हिवाळ्यात बायको गेली आणि कामेझोने साशिमी कापणंच सोडलं. ‘कच्चा मासा मिळणार नाही’ अशी पाटी दारावर लागली. दुःखाने बिचाऱ्याचा हात चालत नाही, असं सगळं बंदर म्हणायचं. आता दुकानात फक्त सुकी मासळी उरली होती, आणि तिच्यासाठी इतक्या लांब कोण येणार? महिनाअखेर दुकान बंद करायचं त्याने ठरवलं होतं. नागिसा ओसाकातली नोकरी सोडून आली होती ती हे दुकान चालवायला. बाप तिला सुरीला हात लावू देत नव्हता.

लहानपणी तिला गिऱ्हाइकांची नावं नाही, आवडी पाठ होत्या. न्हाव्याला बांगडा, वर किसलेलं आलं. शाळेतल्या बाईंना तांबोशी. देवळातल्या पुजाऱ्यांना कुप्याच्या पोटाचा चरबीदार तुकडा, तोही मागच्या दाराने. आणि तांडेलांना माकूल, दोऱ्यासारखी बारीक कापलेली. बाबा मासा घेऊन पडद्याआड जायचे आणि भरलेली ताटली घेऊन बाहेर यायचे. ते कापत असताना कुणी आत डोकवायचं नाही, असा दंडक होता. आत फक्त आई असायची, भांडी घासत. लोक वाहवा करायचे, बाबा मान झुकवायचे. काय दिवस होते ते! नागिसाला त्या दिवसांची फार आठवण यायची.

“कापणार म्हणते! शिकलीस कुठे?” कामेझोने विचारलं.

“आईने शिकवलंय. घरी, मुळ्यावर.”

“ऐकलंत का तांडेल? मुळा खाणार का?”

“मुळा दे, नाहीतर चप्पल दे,” तांडेल म्हणाला. “पण लवकर दे बाबा. तिकडे डोंगरात मला समुद्र फक्त कॅलेंडरवर दिसणार आहे.”

नागिसाने दोन्ही हात बर्फाच्या बादलीत मनगटापर्यंत बुडवले आणि शंभर आकडे मोजले. आईची ही रीतच होती. मुळ्याला हात लावण्याआधीसुद्धा ती हात असे गार करायला लावायची. मुळ्याला कशाला गं, असं विचारलं की नुसती हसायची. मग नागिसा कापायला लागली. सुरी एका ओढीत खाली येत होती आणि फळीवर पांढऱ्या दोऱ्यांचा ढीग वाढत होता.

तांडेलाने काड्यांनी चार दोरे उचलले, सोयात बुडवले आणि डोळे मिटले. बराच वेळ तो नुसता चघळत राहिला. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं, ते त्याने पुसलंही नाही.

“हीच ती चव,” तो म्हणाला. “कामेझो, पोरीच्या हाताला तुझंच वळण आहे रे. अगदी तुझाच हात.”

कामेझोने एक दोरा तोंडात टाकला आणि चावायचं विसरला. त्याची नजर मुलीच्या बोटांवर गेली. ती लालबुंद होऊन सुजली होती. तिच्या आईची बोटं बारा महिने तशीच असायची. नागिसाला ताप आला की आई कपाळावर नुसता हात ठेवायची. ओल्या फडक्याची गरज पडत नसे.

कामेझो उठला. दारावरची पाटी काढून त्याने ती उलटी करून भिंतीला टेकवली. परत आला तो मुलीकडे न बघताच.

“माझा नाही, तांडेल,” तो म्हणाला. “चाळीस वर्षं हिची आई आत बर्फात हात गार करून कापत बसायची. आणि मी बाहेर उभा राहून तुम्हाला सांगायचो, बाईचा हात गरम असतो.”